जुनी टेस्ला घेताना

जुनी गाडी मूळ कंपनीकडून आली की फसगत होत नाही, असं आपण धरून चालतो. विजेच्या गाडीत हा भरवसा तपासून घ्यावा, कारण तिच्या किमतीचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही.

अमेरिकेत २०१९ च्या अखेरीस टेस्लाने एक जुनी मॉडेल एस लिलावात डीलरला विकली. त्याच्याकडून ग्राहकाने घेतली, आणि त्यातली ८,००० डॉलर किमतीची ऑटोपायलट सुविधा कंपनीने दुरूनच काढून टाकली. बोभाटा झाल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये ती परत मिळाली. प्रत्येक प्रकरणाचा बोभाटा होत नाही. म्हणून कोणती सॉफ्टवेअर सुविधा गाडीसोबत कायम राहणार, हे करारातच लिहून घ्या.

बॅटरीचं गणित आणखी नाजूक. लिथियम-आयन बॅटरी नुसती उभी राहूनही झिजते. उन्हात, पूर्ण चार्ज करून ठेवली तर जास्तच. मॉडेल ३ च्या बॅटरीला ८ वर्षांची किंवा ठरावीक अंतराची वॉरंटी असते, पण क्षमता घटल्याचा दावा ती ७० टक्क्यांखाली घसरली तरच बसतो. म्हणजे ५०० किलोमीटर धावणारी गाडी ३६० वर आली, तरी दावा बसत नाही. शिवाय ही ८ वर्षं पहिल्या मालकापासून मोजतात, तुमच्यापासून नव्हे.