उजेड वाटेतच मरतो

वैजापुरात रोटेगाव रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. ट्रक, ट्रॅक्टर, पिकअप, येईल ते. कांद्याचा हंगाम लागला की दिवेलागणीला गर्दी होते. गाडी भरून तयार असते, रात्रीच येवल्याकडे निघायचं असतं, आणि ड्रायव्हर येऊन म्हणतो, "दादा, पुढचं काहीच दिसत नाही. डबल पॉवरचे एलईडी ठोका." मी आधी ओलं फडकं घेऊन हेडलाइटची काच पुसतो. कितीकांचं काम तेवढ्यावरच भागतं. माझा धंदा बुडतो, पण काय करणार!

मागच्या हंगामात एक दहा टायरी आली. काच स्वच्छ, बल्ब नवे, तरी उजेड पिवळाफटक. इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर 27.6 व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर 24.1. साडेतीन व्होल्ट वाटेत गळत होते. "एवढ्याशानं काय होतं?" ड्रायव्हर म्हणाला. होतं ना. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं, तर उजेड तीसेक टक्के पडतो. या गाडीचा एकतृतीयांशाहून जास्त उजेड वायरीतच मरत होता.

जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट केबिनमधल्या स्विचातून फिरून येतो. वायर बारीक, जोड गंजलेले आणि चेसिसची अर्थिंग चिखलानं खाल्लेली. मी बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट पुढं नेली. अप्परला एक रिले, डिपरला एक. रिले असला की स्विचानं नुसता इशारा द्यायचा, ओझं जाड वायरीनं वाहायचं. अर्थिंगची जागा लखलखीत खरवडून नवा लग बसवला. बल्ब तेच, कंपनीचे 75/70 वॉटचे. रात्री ड्रायव्हरनं गाडी रस्त्यावर घेतली आणि विचारलं, "बल्ब कोणते टाकले?"

काही जण 100/90 चे बल्ब मागतात. मी टाकत नाही. होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते. वर्षभरात आधीपेक्षा कमी दिसायला लागतं.

आता एलईडी. चांगल्या कंपनीचं, भारतातल्या रस्त्यांसाठी बनवलेलं अख्खं युनिट असेल तर उत्तमच. भांडण आहे ते हॅलोजनच्या जुन्या काचेत कोंबलेल्या स्वस्त एलईडी बल्बशी. एच-4 बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडतो आणि तिथून रस्त्यावर उतरतो. एलईडीची चकती त्या तारेच्या जागेपासून जरा जरी सरकली, तर उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत. ऑनलाइन मागवलेल्या काही युनिटांची तर आणखी मजा. ती उजव्या बाजूनं गाडी चालवणाऱ्या देशांसाठी असतात, म्हणून त्यांचा झोत उजवीकडं वर चढतो. आपल्याकडं उजवीकडून समोरची गाडी येते. डोळे दिपलेला माणूस तीन सेकंद आंधळा राहिला, तर ताशी 60 च्या वेगात 50 मीटर आंधळाच येतो, आणि येतो तो तुमच्याच दिशेनं.

टपावर एलईडीची पट्टी लावायलाही बरेच येतात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 111 वा नियम सांगतो की, पुढच्या बाजूला सर्चलाइट, स्पॉटलाइट खास परवानगीशिवाय लावता येत नाही. फॉग लॅम्प मात्र खुशाल लावा, पण बंपरवर, खाली. थंडीत पहाटे कालव्याच्या कडेनं धुकं दाटतं, तेव्हा अप्पर टाकला की समोर पांढरी भिंत उभी राहते. खालून गेलेला झोत धुक्याखालचा रस्ता दाखवतो. पिवळा रंग धुकं फाडतो असं म्हणतात. माझ्या मते रंगापेक्षा दिव्याची उंची जास्त काम करते. पिवळ्यानं डोळ्यांना बरं वाटतं, एवढं खरं.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून नवाच हिशेब आलाय. तिथं जड वाहनाला ताशी 80 ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तीसेक मीटर जातात आणि भरलेली गाडी थांबेपर्यंत आणखी पन्नास. चांगला डिपरसुद्धा पन्नास-साठ मीटरच नीट दाखवतो. म्हणजे डिपरवर 80 नं पळणारा आपल्या उजेडाच्या पुढं पळतो. ते अंतर कोणताही बल्ब भरून काढत नाही, वेगच कमी करावा लागतो.

आणि आपल्याला दिसणं हे अर्धंच काम. 15 ऑक्टोबर 2023 ला मध्यरात्रीनंतर, इथंच समृद्धीवर जांबरगावच्या टोलनाक्याजवळ, सैलानीहून नाशिकला परतणाऱ्या भाविकांची मिनी बस ट्रकला मागून धडकली. बारा जण गेले. दोष उजेडाचा होता असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून माझ्याकडं आलेल्या गाडीचे मागचे लाल दिवे तपासल्याशिवाय मी सोडत नाही. रेडियमच्या पट्ट्या पुढं पांढऱ्या, बाजूला पिवळ्या आणि मागं लाल, नियमाप्रमाणं. कोपरगावकडच्या उसाच्या ट्रॉल्यांना मागं काहीच नसतं, त्यांना तर मी रेडियम फुकट चिकटवून देतो.

राहता राहिलं सेटिंग. सपाट जागेवर, भिंतीपासून 10 मीटरवर गाडी लावायची. डिपरच्या झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. माल भरला की मागचे पाटे दबतात, तोंड वर होतं आणि दुपारी बरोबर बसवलेला डिपर रात्री अप्पर होऊन बसतो. म्हणून सेटिंगला येताना गाडी भरून आणा. रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग मी दुसऱ्यांदा करून देईन, पण पैसे घेऊन.