खेळांतल्या रेल्वेचें सामाईक जंक्शन

मालवणास रेल्वे नाहीं. दादरहून रात्रीं तुतारी एक्सप्रेसनें निघालेला मालवणकर दुसऱ्या दिवशीं कुडाळास उतरतो आणि पुढें मोटारीनें घर गांठतो. वाटेंत रोह्यास मध्य रेल्वेचा मार्ग संपून कोंकण रेल्वेचा सुरू होतो, हें झोपलेल्या उतारूच्या गांवींही नसतें. डबा तोच, आसन तेंच. बदलते ती केवळ गाडीची जबाबदारी. 1998 च्या जानेवारींत कोंकणचा मार्ग सलग झाला, तेव्हांपासून ही देवघेव चालू आहे. घरांत छोटी रेल्वे मांडणारे दोन मित्र आपापले मार्ग जोडूं पाहतात, तेव्हां त्यांनाही असाच एक रोहा निर्माण करावा लागतो; आणि मालवणांत रेल्वे आणण्याचा तेवढाच एक उपाय तूर्त हातीं आहे!

पहिला प्रश्न मापाचा. सर्वांत लोकप्रिय छोटी रेल्वे मूळ रेल्वेच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असते व तिच्या रुळांतील अंतर 16.5 मिलिमीटर असतें. हें माप युरोपांतील 1435 मिलिमीटरच्या रुळांवरून आलें. आपल्या 1676 मिलिमीटरच्या रुंद मार्गास खरें पाहतां एकोणीसांहून थोडें अधिक हवें. परंतु तयार इंजिनें साडेसोळाचीं मिळतात म्हणून हौशी लोक तेंच चालवून घेतात. एका मित्राचे रूळ साडेसोळाचे आणि दुसऱ्याचे 9 मिलिमीटरचे असले, तर मात्र जंक्शनवर माल हातानें उतरवून दुसऱ्या डब्यांत भरण्यावांचून गत्यंतर नाहीं. मिरजेस वेगवेगळ्या मापांचे रूळ एकत्र येत असतांना हमालांच्या पाठीवर हेंच ओझें होतें.

युरोपांत 1981 सालीं स्थापन झालेल्या फ्रेमो या संघानें यावर सुटसुटीत तोड काढली. प्रत्येकानें आपल्या तुकड्यावर हवें तें उभारावें, डोंगर किंवा माडांची बाग. फक्त दोन्ही टोकें ठरीव नमुन्याचीं आणि रूळ जमिनीपासून 130 सेंटिमीटर उंच असावेत. मधल्या भागांत संपूर्ण स्वातंत्र्य, टोकाशीं अजिबात नाहीं.

विजेचेंही तसेंच. एकाचा डावा रूळ दुसऱ्याच्या उजव्याशीं जोडला गेला, कीं तत्काळ शॉर्ट सर्किट होतें. आधुनिक पद्धतींत प्रत्येक इंजिनास क्रमांक असतो, आणि नवें इंजिन बहुधा 3 हाच क्रमांक घेऊन येतें. दोन घरचीं तसलीं इंजिनें एका मार्गावर आलीं, तर एकाच हुकुमानें दोन्ही धांवूं लागतात. म्हणून जोडणीच्या आदल्या दिवशींच क्रमांक वांटून घ्यावे.

खरी कसोटी वाहतुकीची. एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकानें ‘लाइन क्लिअर’ दिल्यावांचून गाडी सोडतां येत नाहीं. खेळांतही हा नियम मोडला, कीं महिनोन् महिने खपून रंगविलेलीं इंजिनें समोरासमोर आदळतात. शिवाय आपल्या स्थानकांत परक्याची गाडी आधीं सोडणें मालकाच्या जिवावर येतें. म्हणून जंक्शनचा स्टेशनमास्तर तिसराच कोणी नेमणें शहाणपणाचें. त्याच्याजवळ वेळापत्रक आणि वेगानें चालणारें घड्याळ असावें. त्या घड्याळाचा तास दहा-पंधरा मिनिटांत सरतो. प्रत्येक मालडब्याबरोबर कोठून कोठें जावयाचें याची चिठ्ठी फिरते. आणि बगलेच्या रुळावर किती डबे मावतात, हें दोघांनीं एकमेकांस आधींच कळवावें. कुडाळकराची गाडी बारा डब्यांची आणि मालवणकराची बगल नऊंची असली, तर उरलेले तीन डबे मुख्य मार्गावर उभे राहतात आणि समोरून येणाऱ्या गाडीस वाट मिळत नाहीं.