सायक्लॉप्सच्या पोटातून प्रवास

तळ्यातले पाणी काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरले, तर झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके दिसतात. भिंगातून पाहिले, की डोक्यावरचा एकच डोळा लक्षात येतो. हा सायक्लॉप्स. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. पण मूर्ती लहान आणि कीर्ती मोठी!

कार्प जातीच्या माशांच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो. त्याला तोंड नाही, आतडे नाही. माशाने पचवलेले अन्न तो आपल्या त्वचेतूनच शोषतो. डोक्यावरच्या दोन खाचांनी तो आतड्याला घट्ट धरून राहतो. त्याची अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. ही अंडी दुसऱ्या माशाने गिळली तर काय होईल? काहीच नाही. अंड्यातून बाहेर पडलेली अळी आधी सायक्लॉप्सने किंवा त्याच्या भाईबंदांनी खावी लागते. त्यांच्या शरीरात ती वाढते. असा सायक्लॉप्स माशाच्या पिल्लाने खाल्ला, की उबदार पाण्यात सुमारे तीन आठवड्यांत नवा कृमी अंडी घालू लागतो. मोठा मासा हा त्रास सोसतो. पिल्लाचे आतडे मात्र कृमींनी तुंबते आणि ते मरते. म्हणून फटका बसतो तो मत्स्यबीज वाढवणाऱ्याला.

हा कृमी मूळचा पूर्व आशियातला. तळ्यातली पाणवनस्पती खाणारा गवत्या मासा देशोदेशी नेला गेला, तेव्हा त्याच्या पोटातून हाही गेला. 1990 मध्ये तो अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या परिसरात, लिटल कोलोरॅडो नदीतल्या हंपबॅक चब या दुर्मिळ माशात सापडला. हा मासा कोणी पाळलेला नव्हता!

सायक्लॉप्सची ही भूमिका आपल्या ओळखीची आहे. नारूचा प्रसारही त्याच्यामार्फतच होत असे. पाणी गाळून पिणे आणि पायविहिरी बंद करणे यांमुळे ती साखळी तुटली. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला.

मग तळ्यातले पाणीही गाळावे का? गंमत इथेच आहे. सायक्लॉप्स हे माशांच्या पिल्लांचे आवडते खाद्य. तेच काढून टाकले तर पिल्ले खाणार काय? म्हणून साखळी दुसरीकडे तोडतात. दोन हंगामांच्या मधे तळे पूर्ण आटवून वाळवतात व चुना टाकतात. पिल्लांच्या तळ्यात मोठे मासे ठेवत नाहीत. विकत आणलेले बीज काही दिवस वेगळे ठेवून, त्यातली काही पिल्ले चिरून तपासतात. गरज पडल्यास खाद्यातून औषध देतात.

आम्ही सुचवू, की वर्गात फळ्यावर नारू आणि पट्टकृमी यांची जीवनचक्रे शेजारी शेजारी काढावीत आणि मुलांना विचारावे: साखळी कुठे तोडाल? आणि तिथेच का?