खिडकीच्या आतली माणसं

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्ये माझा अजूनही गोंधळ होतो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. इंग्लिश सेक्शनला हा लेख देता आला असता. पण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं, म्हणजे माझी आई, तिच्या ऑफिसातले शिपाई मामा आणि झाडणाऱ्या मावशी, मराठीच वाचतात. शिवाय आपला अंक हॉस्टेलच्या ऑफिसात आणि मेसमध्येही फिरतो, म्हटलं तिथे तरी वाचला जाईल.

सुरुवात व्हायवात झाली. इंडस्ट्रियल सेफ्टीच्या व्हायवाला सरांनी विचारलं, "साथीच्या काळात सरकारी ऑफिस चालू ठेवायचंय. पहिली गोष्ट काय करशील?" मी ठोकून दिलं, "मास्क, सर." सर हसले आणि म्हणाले, "शेवटून पहिला नंबर!"

मित्रांनो, ज्यांनी हा विषय घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. धोका आवरायचे पाच मार्ग उलट्या त्रिकोणात मांडतात. सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात परिणामकारक, धोका मुळातच काढून टाकणं. मग एका धोकादायक गोष्टीऐवजी कमी धोक्याची वापरणं. तिसरं, जागेची किंवा यंत्राची रचना बदलणं, म्हणजे आपलं इंजिनिअरिंग. चौथं, नियम आणि वेळापत्रकं. आणि सगळ्यात खाली, टोकाला, अंगावर घालायच्या वस्तू: मास्क, ग्लोव्ह्ज, पीपीई. कारण साधं आहे. वरचे उपाय माणूस विसरला तरी चालू राहतात. मास्क नाकाखाली घसरला की संपलं.

व्हायवाचे मार्क गेले ते गेलेच, पण रात्री झोप येईना. मला आईचं ऑफिस आठवत होतं.

२०२० मध्ये मी चौदा वर्षांची होते. आई एका सरकारी ऑफिसात पेन्शनच्या खिडकीवर बसायची, अजूनही तिथेच बसते. मार्चमध्ये आपल्या राज्य सरकारने ऑफिसातली हजेरी आधी ५० टक्क्यांवर आणली, मग २५ आणि काही दिवसांतच ५ टक्क्यांवर. केंद्र सरकारनेही १९ मार्च २०२० ला ब आणि क गटातल्या निम्म्याच कर्मचाऱ्यांना बोलवायचा आदेश काढला, आणि येण्याजाण्याच्या वेळाही तीन केल्या: ९ ते ५.३०, ९.३० ते ६ आणि १० ते ६.३०. तेव्हा मला वाटायचं, निम्मी माणसं म्हणजे निम्मा धोका. गणित तसं नाहीये. एका खोलीत २० माणसं असतील तर 'कोणाकडून कोणाला' अशा जोड्या १९० होतात. १० माणसांच्या फक्त ४५. म्हणजे हजेरी निम्मी केली तर जोड्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी! अट एकच, आज येणारी तुकडी आणि उद्या येणारी तुकडी एकमेकांत मिसळता कामा नये.

नेमकं इथेच घोडं पेंड खायचं. आईच्या ऑफिसात तक्ता छान केला होता, लाल-निळ्या शाईत. पण तो क्लार्क आणि साहेब लोकांचा. शिपाई मामा दोघंच, त्यामुळे ते रोज यायचे. मावशी तर एकट्याच. म्हणजे दोन्ही तुकड्यांच्या मध्ये रोज फिरणारी तीन माणसं, टेबलावरून टेबलावर फायली, पाणी, चहा घेऊन. तक्ता करणाऱ्याच्या डोळ्यांना ती दिसलीच नाहीत. आणि जेवायची गंमत अशी की दिवसभर सहा फूट अंतर पाळणारी मंडळी दुपारी रेकॉर्ड रूममध्ये एकत्र डबा खायची, मास्क काढून, कारण तिथे पंखा चांगला होता. (आईची लिंबाच्या लोणच्याची बरणीही तिथेच असायची.)

मावशींना त्या सप्टेंबरमध्ये ताप आला. त्या कंत्राटदाराच्या माणूस, एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. त्यांनी क्रोसिन घेतली आणि तीन दिवस तशाच आल्या. चौथ्या दिवशी त्या दवाखान्यात आणि नंतरच्या आठवड्यात एक शिपाई मामा ऑक्सिजनवर. मामा अठरा दिवसांनी घरी आले. आईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी ती चौदा दिवस बाहेरच्या खोलीत झोपली आणि मी दारातून ताट सरकवत होते. मावशींवर तेव्हा सगळे चिडले होते, मीसुद्धा. आता कळतं की मास्क, सॅनिटायझर, थर्मल गन एवढं सगळं दारात होतं, फक्त भरपगारी रजा नव्हती. आजारी माणसाला पगार न कापता घरी बसवणं ही दया नाही, तो सेफ्टीचा उपाय आहे, आणि माझ्या मते थर्मल गनपेक्षा कितीतरी भारी. गनला क्रोसिन घेतलेला माणूस कळत नाही.

म्हटलं, कायदा काय म्हणतो ते बघू. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यावरून १८९७ चा साथरोग कायदा झाला. अवघी चार कलमं. सरकारला अधिकार, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्या कलमात, चांगल्या हेतूने काम करणाऱ्यावर दावा करता येणार नाही असं संरक्षण. म्हणजे ड्युटीवरच्या माणसाला कोर्टापासून वाचवलं, रोगापासून वाचवायचं कलम नाहीच! २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने त्यात भर पडली, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं शिक्षा, गंभीर इजा झाली तर सात वर्षांपर्यंत. चांगलंच झालं. पण तेही मारणाऱ्या माणसापासूनचं रक्षण, खोलीतल्या हवेपासूनचं नाही.

कारखान्यांचा १९४८ चा कायदा ऑफिसांना लागू नव्हताच. कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य यांची नवी संहिता २०२० मध्ये पास झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मी मोठ्या आशेने ती उघडली. पहिल्याच कलमात लिहिलंय की केंद्र आणि राज्य सरकारच्या ऑफिसांना ही लागू नाही. तिथे कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांना मात्र लागू, अर्थात कामगारांच्या संख्येच्या अटी आहेतच. म्हणजे एकाच खोलीत मावशी कायद्याच्या आत येऊ शकतात आणि आई बाहेर. हे वाचून आई म्हणाली, "म्हणजे आमचं सगळं जीआरवर." अगदी बरोबर. ऑफिसची साथीतली तयारी परिपत्रकावर चालते, आणि परिपत्रक साथ आल्यावर निघतं.

म्हणून प्लॅन साथ नसतानाच, थंड डोक्याने करायला हवा. त्रिकोण वरून खाली वाचत गेलं तर तो होतोही.

सगळ्यात वर 'धोकाच नको'. खिडकीशी रांग का लागते? कागदासाठी. कागद घरी मिळाला तर रांगच नाही. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाईन मिळतो, हयातीच्या दाखल्यासाठी 'जीवन प्रमाण' २०१४ पासून आहे. यातलं काहीच साथीसाठी केलेलं नव्हतं, पण साथीत उपयोगी पडलं. आणि जिथे लोक येणारच, तिथे गर्दी वेळेत पसरवता येते. केंद्राच्या पेन्शनरांनी एरवी नोव्हेंबरमध्ये द्यायच्या हयातीच्या दाखल्याची मुदत त्या वर्षी आधी ३१ डिसेंबर आणि मग २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवली. सत्तरीतली माणसं एकाच महिन्यात एकाच खिडकीशी उभी करण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं.

माणसं बदलणं हाही एक मार्ग. एप्रिल २०२० मध्ये काही पोलिसांचा मृत्यू झाल्यावर मुंबई पोलिसांनी ५५ वर्षांवरच्या, आणि आजार असलेल्या ५२ वर्षांवरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं. निर्णय योग्यच, पण तो मृत्यूंनंतर आला. कोणाचं वय किती, कोणाला शुगर आहे, कोण गरोदर आहे, ही यादी ऑफिसात आधीच असेल तर पहिल्या दिवशी वापरता येते.

आता माझा आवडता भाग, हवा. सुरुवातीला सगळे टेबलं आणि फायली पुसत बसले होते. कोविड हवेतूनही पसरतो, विशेषतः बंद खोलीत, हे नंतर स्पष्टपणे मान्य झालं. खिडकीवरच्या प्लास्टिकच्या पडद्याने शिंतोडे अडतात, हवा वळसा घालून येतेच. आणि आपला लाडका स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, आतलीच थंड करून फिरवतो. तासाला खोलीतली हवा किती वेळा बदलते त्यावर सगळं अवलंबून. एकदा हवेत आलेले बारीक कण ९९ टक्के निघून जायला लागणारा वेळ म्हणजे ४.६ भागिले तो आकडा, तासांत. (१०० चा नॅचरल लॉग. गणिताच्या सरांनी नोंद घ्यावी, मला आठवतंय!) हवा दोनदा बदलत असेल तर १३८ मिनिटं, सहा वेळा बदलत असेल तर ४६.

दिवाळीच्या सुट्टीत मी मिनी प्रोजेक्टचा कार्बन डायऑक्साइड सेन्सर घेऊन आईच्या ऑफिसात गेले. बाहेर हवेत तो साधारण ४२० पीपीएम असतो, आपल्या उच्छ्वासात ४०,००० च्या आसपास. त्यामुळे खोलीतला आकडा जितका चढेल तितकी आपण एकमेकांनी सोडलेली हवा परत घेत असतो. दुपारी बाराला आकडा १६०० च्या वर. शिपाई मामांनी आकडा बघितला आणि न बोलता भिंतीकडे बोट दाखवलं. मागच्या खिडकीपुढे फायलींचं कपाट होतं, कधीपासून ते कोणालाच आठवेना. चौघांनी मिळून ते सरकवलं, खिडकी उघडली, आणि तासाभरात आकडा आठशेच्या खाली.

खोली ६ बाय ५ मीटर, उंची ३, म्हणजे ९० घनमीटर. आत बाहेर धरून १५ माणसं. जागतिक आरोग्य संघटना अशा जागेला माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सांगते, म्हणजे तासाला ५४० घनमीटर, म्हणजे बरोबर सहा वेळा बदल. बारा इंची साधा एक्झॉस्ट फॅन हे काम करतो, फक्त तो समोरच्या भिंतीत हवा, नाहीतर शेजारच्या खिडकीतली हवा आत येऊन लगेच बाहेर जाते. पीपीई किटच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "बेटा, खिडकी ठीक आहे, पण पावसाळ्यात फायली भिजतील त्याचं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. संध्याकाळी आईने घरी बसून अर्ज लिहिला: एक एक्झॉस्ट फॅन, खिडकीवर पत्र्याची झडप, आणि रोजच्या तक्त्यात शिपाई आणि सफाई कामगार यांची नावं. शेवटचा मुद्दा तिने स्वतःच घातला. अर्ज आता साहेबांच्या टेबलावर आहे. कपाट मात्र परत खिडकीपुढे गेलेलं नाही, मी दर रविवारी फोनवर विचारते.