कागदावरचं ‘नाही’

परवा आमच्या गल्लीत आरोग्याच्या सर्वेक्षणासाठी एक मुलगी आली होती. हातात छापील फॉर्म, खांद्याला पिशवी. शेजारच्या काकूंच्या ओसरीवर बसून ती भराभर प्रश्न विचारत होती. घरात माणसं किती, गॅस आहे का, संडास आहे का... त्याच सुरात तिनं विचारलं, ‘‘बायकांचे काही आजार?’’ समोर सासरे पेपर वाचत बसलेले, दारात दीर उभे. काकू म्हणाल्या, ‘‘नाही बाई, काही त्रास नाही.’’ मुलीनं ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या घरी गेली.

संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता काकू हळूच म्हणाल्या, ‘‘चार वर्षं झाली गं, अंगावरून पांढरं जातंय. कंबर तर धरलेलीच असते. पण ते काय सासऱ्यांसमोर सांगू?’’

म्हणजे कागदावर काकू ठणठणीत!

मैत्रिणींनो, असे किती ‘नाही’ खरे आणि किती खोटे, याचा शोध आपल्याच महाराष्ट्रात घेतला गेला आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांना प्रश्न तर विचारलेच, पण प्रत्येकीची तपासणीही केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि सगळे चकित झाले. 100 पैकी 92 बायकांना स्त्रीरोगाचा किंवा गुप्तरोगाचा एक तरी आजार होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त आजार! आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका किती? 100 मध्ये फक्त 8.

यातली आणखी एक गोष्ट बघा. 100 पैकी 45 जणींनी काहीच तक्रार सांगितली नव्हती. पण निरोगी निघाल्या जेमतेम 8. म्हणजे ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांतल्या निदान 37 जणी आजारी होत्या. नुसतं विचारून थांबले असते, तर त्या ‘निरोगी’ म्हणूनच मोजल्या गेल्या असत्या.

तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जाई. या आकड्यांनी ती समजूत हलवली. पण आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. इतक्या बायका आजारी, मग डॉक्टरकडे का गेल्या नाहीत? हे कळायला त्यांच्याजवळ बसावं लागतं. लाज वाटते, तपासायला पुरुष डॉक्टर असतो, हातात पैसा नसतो, आणि मुख्य म्हणजे ‘बाईच्या जातीला हे असायचंच’! हे फॉर्मच्या कुठल्या चौकटीत लिहिणार? राणीताईंनी बायकांचं हे बोलणं, त्यांचे शब्द, त्यांच्या समजुती मन लावून ऐकल्या. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘कानोसा’ आहे.

मग नुसतं ऐकलं तर भागेल का? तेही नाही. काकूंचं ठाम मत, ‘‘ऑपरेशन झाल्यापासूनच हे सुरू झालं.’’ गल्लीतल्या आणखी दोघी तेच म्हणतात. पण तिघी म्हणाल्या म्हणून ते खरं ठरत नाही. ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या पुष्कळ बायका तपासून, मोजूनच त्याचा निकाल लागेल. ऐकण्यातून प्रश्न सापडतो, मोजण्यातून त्याची पारख होते, आणि मोजून आलेल्या आकड्याचा अर्थ लावायला पुन्हा बायकांकडेच यावं लागतं. संशोधक याला संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धतींचा मेळ म्हणतात. आपण म्हणू, डोळेही हवेत आणि कानही.

यात आपलंही एक काम आहे बरं का. सर्वेक्षणाची मुलगी किंवा आशाताई आली, की तिला स्वयंपाकघरात बोलवा. ‘‘जरा आत ये, सांगते,’’ म्हणा. आणि जी विचारायला जाते, तिनंही घरातली पुरुषमंडळी बाजूला गेल्यावरच हा प्रश्न काढावा. थोडं पांढरं जाणं स्वाभाविक असतं. पण वास, खाज, ओटीपोटात दुखणं किंवा पाळीशिवाय रक्त जाणं असेल, तर अंगावर काढू नका. तपासून घ्या.

काकूंना मी मागे लागून तालुक्याच्या लेडी डॉक्टरकडे नेलं. जंतुसंसर्ग निघाला, गोळ्या सुरू झाल्या. येताना एस.टी.त काकू म्हणाल्या, ‘‘ती पोरगी परत आली ना, तर तिला म्हणावं, माझं ते ‘नाही’ खोड.’’