शिवणाचा छंद : मन रमू द्या, पण पाठ, डोळे आणि बोटेही सांभाळा

वस्तीतल्या अनेक घरांत शिलाई मशीन असते. कुणाला ते लग्नात मिळालेले, कुणी शिवणक्लास झाल्यावर हप्त्याने घेतलेले. काही घरांत ते दिवसभर धडधडते, कारण डझनाच्या हिशेबाने आणलेला माल संध्याकाळी परत द्यायचा असतो. काही घरांत त्यावर मुलांच्या वह्या आणि घडी न केलेले कपडे पडलेले असतात. या दोन्ही घरांतल्या ताईंना, आणि दादांनाही, एक सुचवायचे आहे. याच मशीनवर आठवड्यातून दोन-तीन वेळा, अर्धा-पाऊण तास, फक्त आपल्या आवडीसाठी काहीतरी शिवून पाहा.

त्याचा आरोग्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. हात कामात असले आणि नजर एका जागी लागली की डोक्यात फिरणारे विचार थोडे शांत होतात. हाती घेतलेली वस्तू पूर्ण झाली की समाधान मिळते. मात्र छंद म्हणजे औषध नव्हे. झोप उडणे, सारखे रडू येणे, कशातच मन न लागणे असे दोन आठवडे चालले तर डॉक्टरांना दाखवावे. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करूनही मोफत बोलता येते.

मालाचे शिवण वेगळे, आवडीचे वेगळे

मालाचे काम करताना पाठ दुखली तरी उठता येत नाही. नग मोजून पैसे मिळतात. छंदात मात्र घड्याळ आपल्या हातात असते. मान भरून आली की थांबायचे, उरलेले उद्या करायचे. पण रंगात आल्यावर आपणच दोन-दोन तास उठत नाही आणि मग छंदही दुखणे होऊन बसतो. ज्या ताई दिवसभर मालाचे शिवतात, त्यांनी आवडीचे काम त्याच दिवशी रात्री करू नये. सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या उजेडात करावे.

बसायचे कसे

सुई आपल्या नाकासमोर येईल असे बसा. बरेच जण मशीनच्या मधोमध बसतात आणि मग कंबरेतून डावीकडे वळून शिवतात. रोज तसे वळून बसले की एका बाजूची कंबर धरते. स्टूल इतके उंच हवे की कोपर टेबलाच्या पातळीला येईल आणि खांदे वर उचलावे लागणार नाहीत. स्टूल बुटके असेल तर गोधडीची घडी खाली घ्या. पाठ टेकायला खुर्ची असेल तर उत्तम. पायमशीनवर दोन्ही पावले पूर्ण टेकवा, म्हणजे एकाच गुडघ्यावर भार येत नाही.

हातमशीन जमिनीवर ठेवून शिवत असाल तर ते चौरंगावर ठेवा आणि स्वतः जाड घडीवर बसा. पाठीचे वाकणे कमी होते. दर अर्ध्या तासाने उठा. खांदे वर नेऊन मागे फिरवा, मनगटे हलवा, घरातल्या घरात चार पावले चाला, पाणी प्या.

डोळ्यांसाठी उजेड

उजेड सुईच्या वर किंवा डावीकडून यावा, आपल्या हाताची सावली कापडावर पडू नये. खोलीतला मधला दिवा पाठीमागे असेल तर ती पडतेच. मशीन खिडकीजवळ किंवा दाराजवळ सरकवा, नाहीतर सुईजवळ छोटा एलईडी दिवा लावा. काळ्या कापडावर काळा दोरा रात्री चालवूच नका.

जवळचे काम करताना डोळ्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दाराबाहेर, 20 फुटांपलीकडे बघा. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना हात लांब न्यावा लागतो. तो जवळच्या चष्म्याचा नंबर असतो आणि वयाप्रमाणे बहुतेकांना लागतो. फुटपाथवरच्या तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो, आपल्या डोळ्यांचा वेगवेगळा असू शकतो. म्हणून एकदा सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्या.

पहिले काम : भरतकामाची पिशवी

सुरुवातीला ब्लाउज किंवा फ्रॉक नको. मापाचे काम चुकले की मन खट्टू होते. साध्या सुती कापडाचा 16 इंच रुंद आणि 34 इंच लांब तुकडा घ्या. नवे कापड आधी धुऊन घ्या, म्हणजे पुढे आटणार नाही. लांबीच्या दोन्ही टोकांना 2-2 इंच दुमडून टीप मारा. मग सुलट बाजू आत ठेवून मधोमध घडी घाला आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर टीप मारा. उलटवली की 15 इंच रुंद, 15 इंच उंच पिशवी तयार. उरलेल्या कापडाच्या दोन पट्ट्या बंद म्हणून लावा.

भरतकाम करायचे असेल तर ते बाजूच्या टिपा मारण्याआधी करा. कापड सपाट असते, ओढाताण होत नाही. त्यासाठी महागडे कॉम्प्युटरचे मशीन लागत नाही, साध्या मशीनवरही होते. कापड दाबणारा फूट काढा. कापड पुढे सरकवणारे दाते खाली करा. ते खाली जात नसतील तर टाक्यांची लांबी शून्यावर आणा. मोठी कडी खाली, तिच्यावर कापड, वरून छोटी कडी दाबून बसवा, म्हणजे कापड मशीनच्या पाट्याला चिकटून ताणलेले राहते. पातळ कापडाखाली कागद किंवा बकरम ठेवा. फूट नसला तरी त्याची दांडी खाली करायला विसरू नका, नाहीतर दोऱ्याला ताण मिळत नाही आणि खाली गुंता होतो. मग मशीन सारख्या वेगाने चालवा आणि कडी हाताने हळूहळू फिरवा. आधी आखलेल्या रेषेवरून एक पान, मग एक फूल. घरातल्या लेकराच्या नावाचे पहिले अक्षरही सुंदर दिसते.

बोटे आणि सुई

हाताने शिवायच्या सुईचे नेढे मागे असते, मशीनच्या सुईचे टोकाजवळ. म्हणून सुई बोटात गेली तर तिच्याबरोबर दोराही आत जातो. एरवी फूट बोटाला थोडी आडकाठी करतो. भरतकामात तो काढलेला असतो, म्हणून कडी काठाला धरा आणि बोटे सुईपासून किमान दोन इंच लांब ठेवा. सुरुवातीला स्प्रिंगचा भरतकामाचा फूट लावला तर अधिक बरे. कापड हिसकू नका. त्याने सुई वाकते, पाट्यावर आपटते, मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. वाकलेली किंवा बोथट सुई लगेच बदला. पातळ कापडाला 11 नंबर, मध्यम कापडाला 14, जाड कापडाला 16 नंबरची सुई चालते.

सुई लागलीच तर मशीन थांबवा. बोट धुण्याआधी सुईचे टोक शाबूत आहे का ते बघा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि स्वच्छ कापडाने दाबून धरा. हळद, चुना, चहापत्ती भरू नका. तुकडा आत राहिल्याची शंका असेल तर पिनेने उकरू नका, दवाखान्यात जा, एक्स-रे काढावा लागतो. धनुर्वाताचे इंजेक्शन आधी कधी घेतले ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. मधुमेह असेल तर छोटी जखमही दाखवा.

टाचण्या तोंडात धरायची सवय अनेक जुन्या हातांना असते. ती सोडा. हसताना, खोकताना टाचणी श्वासनलिकेत जाऊ शकते. एक लोहचुंबक जवळ ठेवा, उठताना टाचण्या मोजून डबीत भरा.

एका खोलीच्या घरात

मशीन गॅसपासून दूर ठेवा. चिंध्या पटकन पेट घेतात. बटणे, बॉबिन, टाचण्या रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नका. मोटर लावली असेल तर दोरा ओवताना, सुई बदलताना, तेल घालताना प्लग काढा. ओल्या पायाने पॅडलला हात-पाय लावू नका. सोललेली वायर चिकटपट्टीने चालवण्यापेक्षा बदलून घ्या. दात्यांखाली साचलेला सुताचा भुगा तोंडाने फुंकू नका, ब्रशने काढा. दम्याचा त्रास असेल तर त्या वेळी नाकावर रुमाल बांधा.

डॉक्टरांकडे कधी जावे

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट मुंग्या येऊन बधिर होत असेल, मानेतून हातात कळ जात असेल, हातातून वस्तू निसटत असतील तर केवळ मलम चोळत बसू नका, तपासून घ्या. अशा वेळी काही दिवस मशीन बंद ठेवावे लागले तरी चालेल. छंदाच्या कामाला कुणी मुदत दिलेली नसते.

या रविवारी मशीनवरच्या वह्या बाजूला ठेवा. तेलाचे दोन थेंब घाला, जुन्या कापडावर आधी एक सरळ टीप मारा. घरातल्या मुलीला शिकवाल, तसेच मुलालाही शेजारी बसवा. पहिली पिशवी थोडी वाकडी झाली तर होऊ द्या. तीच बाजाराला घेऊन जा.