'विटंबना' : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिसेंबर 2021 मध्ये, कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावात भरलेले असताना, बेंगळुरूच्या सदाशिवनगरातील शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर शाई ओतल्याची चित्रफीत पसरली आणि पाठोपाठ बेळगावच्याच अनगोळ भागात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली, तेव्हा शहरात जमावबंदीचा हुकूम जारी झाला व खानापूरपासून निपाणीपर्यंत मराठी माणसाच्या तोंडी एकच शब्द आला, 'विटंबना'. रोष रास्त होता. परंतु जो शब्द आपण अशा प्रसंगी इतक्या सढळपणे योजतो, त्याच्याभोवती काही भ्रामक समजुती साचलेल्या आहेत, आणि फिर्याद व बातमी या दोहोंतही त्या निरपवाद उतरतात, म्हणून त्यांचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

विटंबना आणि विटाळ हे एकाच कुळातले शब्द होत, ही त्यांतली सर्वांत रुजलेली समजूत. दोहोंचे पहिले अक्षर सारखे आहे, एवढेच त्यांचे नाते. विटाळ हा प्राकृतातील 'विट्टाल' या शब्दाचा वंशज असून तो स्पर्शाने घडतो. त्याला हेतू लागत नाही, अजाण बालकाच्या हातूनही तो होतो, आणि शुद्धी केली की फिटतो. विटंबना मात्र संस्कृतातील ज्या 'विडम्ब्' धातूपासून आली, त्याचा अर्थ नक्कल करणे, वेडावून दाखविणे, हसे करणे असा आहे. आचार्य अत्रे यांच्या 1925 च्या 'झेंडूची फुले'मुळे मराठीत प्रतिष्ठा पावलेले 'विडंबन' हे तिचे सख्खे भावंड. म्हणजे अवहेलनेचा इरादा या शब्दाच्या गर्भातच आहे. विसर्जनासाठी कपिलेश्वर तलावाकडे नेताना गणेशमूर्तीला तडा गेला तर तो अपघात होय. मूर्ती भग्न झाली असे म्हणावे, विटंबना झाली असे म्हणू नये.

विटंबना केवळ देवाची वा पूज्य वस्तूची होते, हेही खरे नाही. संतांच्या वाणीत आणि जुन्या आख्यानांत ती बहुधा माणसाची होते, मग ती भरसभेत द्रौपदीची असो वा दांभिकाची. ज्यांच्या सावलीनेही देव विटाळतो असे मानले जाई, त्या समाजाची परिषद 1925 साली निपाणीत डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत भरली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना विटाळाची कल्पनाच माणसाची केवढी विटंबना करीत होती, हे वेगळे सांगावयास नको.

सीमाभागात एक भर पडते ती शेजारच्या भाषेमुळे. कन्नडमध्ये 'विडंबने' म्हणजे उपरोध, व्यंग्यलेखन. मराठी मनुष्य ज्या कृत्याला विटंबना म्हणून संतापतो, त्याला कन्नड वृत्तपत्र 'अपमान' किंवा 'विरूप' असे शब्द लावते. एकाच कचेरीत दोन्ही भाषांतले अर्ज येतात, तेव्हा दुभाष्याने या सारख्या दिसणाऱ्या शब्दांना समानार्थी धरू नये.

पाखंड हा शब्दही याच ओळीत बसविला जातो; पण त्याचा इतिहास उलट दिशेचा आहे. अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि त्यात निंदेचा लेशही नाही. आपल्या पंथाच्या स्तुतीसाठी परपंथाची निंदा करू नये, असे सांगणारा त्याचा बारावा शिलालेख कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नती येथे मिळाला, तो कालीमंदिरातील मूर्तीखाली पीठ म्हणून बसविलेल्या शिळेवर! ती शिळा तेथे बसविणाऱ्यांना लेख वाचता येत नसणार. त्यांच्यावर विटंबनेचा आरोप कोण करील?

राहता राहिला कायदा. भारतात देवनिंदेचा कायदा आहे आणि भावना दुखावल्या की गुन्हा सिद्ध झाला, असे चावडीवर ठामपणे सांगितले जाते. दंडसंहितेत केवळ निंदेला शिक्षा सांगणारे कलम नाही. 295 व्या कलमात पूजास्थान किंवा पवित्र मानलेली वस्तू यांची नासधूस येते, पण त्यामागे एखाद्या वर्गाच्या धर्माचा अपमान करण्याचा हेतू, किंवा तसा अपमान मानला जाईल याची जाणीव असावी लागते. लाहोरच्या 'रंगीला रसूल' प्रकरणात प्रकाशक उच्च न्यायालयातून सुटल्यावर 1927 मध्ये 295-अ हे कलम घालण्यात आले. त्यातही 'हेतुपुरस्सर व द्वेषबुद्धीने' ही अट आहे, आणि 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले ते याच अटीवर बोट ठेवून. बेपर्वाईने वा अभावितपणे झालेला अपमान त्यात बसत नाही. 1 जुलै 2024 पासून हीच कलमे भारतीय न्याय संहितेत 298 व 299 या क्रमांकांनी आली आहेत. राष्ट्रध्वजाच्या अवमानासाठी 1971 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याची येथे गल्लत नको.

तेव्हा भाषा आणि कायदा या दोघांचीही मागणी एकच ठरते, ती म्हणजे इराद्याचा पुरावा. सीमाभागातील वार्ताहरांना आणि फिर्याद लिहिणाऱ्यांना विनंती एवढीच की, शाई की दगड, किती वाजता, कोणत्या चौकात, कोणी पाहिले, हा मजकूर आधी बिनचूक लिहावा, आणि इरादा उघड होईपर्यंत 'विटंबना' हा शब्द राखून ठेवावा. दरम्यान 'मोडतोड' हा शब्द पुरेसा आहे.